गळ्यापर्यंत ऊन पाणी

आमच्या घरामागच्या हौदाला परवानगी लागते का, हा प्रश्न साऱ्या चिंचवडात कुणालाही पडला नव्हता. तो मला पडला. पुढे जे जे झालं त्याचं मूळ एवढंच आहे, आणि शहाण्या वाचकाने इथेच वाचन थांबवलं तरी त्याचं फारसं नुकसान होणार नाही. ही गोष्ट दुसऱ्या कुणी लिहिली असती तर मी स्वतः ती शेवटपर्यंत वाचली असती की नाही, याचीही मला शंका आहे.

हौद अरुंधतीसाठी होता. अरुंधती म्हणजे माझी पत्नी. तिचे गुडघे धरले होते. थंडी पडली की सकाळी अंथरुणातून उठून स्वयंपाकघरापर्यंत जायला तिला भिंतीचा आधार लागायचा, आणि भिंतीला धरून चाललेलं मी पाहू नये म्हणून ती भिंतीवरची धूळ पुसत चालल्यासारखं करायची. आमची भिंत त्या हिवाळ्यात फार स्वच्छ होती.

डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग मलम दिलं, आणि दोन्ही संपल्यावर म्हणाले, "शेकत राहा. गरम पाण्यात बसता आलं तर उत्तमच." 'हवापालट करा' असं म्हणतात त्याच सुरात ते म्हणाले, म्हणजे करणार कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण रिक्षातून परत येताना अरुंधती एकदम म्हणाली, "आमच्या गावाजवळ ऊन पाण्याचं कुंड होतं. लहानपणी आम्ही गळ्यापर्यंत बसायचो. अंग असं हलकं व्हायचं, कुणीतरी खालून उचलून धरल्यासारखं." रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी खडखडत निघून गेली. मग म्हणाली, "मला एकदा तसं गळ्यापर्यंत बसायचंय."

आमच्या संसारात 'रॉकेल संपलंय', 'पडदे विटलेत' अशी वाक्यं पुष्कळ झाली. 'मला' या शब्दाने सुरू होणारं वाक्य मी तिच्या तोंडून क्वचित ऐकलं होतं.

"आपण कोकणात जाऊन येऊ," मी म्हटलं.

"एस.टी.त पाय दुमडून घाट उतरायचा? मग कुंडात मला उचलूनच टाकावं लागेल."

म्हणून मी ठरवलं की कुंड घरी आणायचं. इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी एका कंपनीच्या तांत्रिक ग्रंथालयात होतो. ग्रंथालयातल्या पुस्तकांत यंत्रं होती, पलीकडे वर्कशॉपमध्येही यंत्रं होती. मी मधल्या भिंतीच्या अलीकडे बसून निवृत्त झालो. पाना हातात धरायचा असतो हे मला माहीत आहे. कुठल्या बाजूने, ते पुस्तकात बघावं लागेल.

पहिला सल्ला बाळाजीचा. आमची वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी बाळाजीच्या घरची. विकून टाकली तरी मनातून त्याने ती सोडली नव्हती. संध्याकाळी तो वसाहतीतून एक फेरी मारायचा आणि आमची कुंपणं, भिंती, संसार हे सगळं उभं पीक पाहावं तसं पाहायचा. ज्याच्या घरी पुस्तकं तो मास्तर, असा त्याचा हिशेब असल्यामुळे तो मला मास्तर म्हणायचा.

"मास्तर, येवढा कसला इचार?" तो म्हणाला. "आमच्या गुऱ्हाळाची जुनी काहील पडून हाय. चार माणसं बसत्याल येवढी. विटा लावायच्या, खाली चिपाडं पेटवायची, पानी झालं ऊन की वैनींना म्हनायचं, बसा."

ही कल्पना मला मनापासून आवडली. दुसऱ्याच दिवशी बाळाजीने बैलगाडीतून काहील आणली. आम्ही ती परसात विटांवर ठेवली, पाणी भरलं, खाली जाळ केला. अरुंधतीला बाहेर बोलावलं. ती दारात उभी राहिली. मोठी काळी काहील, खाली धडाडून पेटलेल्या ज्वाळा, वर वाफा, आणि एका बाजूला हातात लांब काठी घेऊन उघड्या अंगाने जाळ सारणारा बाळाजी. देवळाच्या भिंतीवर यमपुरीचं चित्र काढलेलं असतं, त्यात पापी माणसांना असंच उकळतात.

"मी असं काय केलंय?" अरुंधती म्हणाली, आणि आत निघून गेली.

त्यामुळे हौद बांधायचं ठरलं. पाणी काहिलीत तापवायचं आणि बादल्यांनी हौदात ओतायचं. मी ग्रंथालयातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकातून रोमन लोकांच्या स्नानगृहांचा अभ्यास केला. गवंड्याला मी त्यातलं चित्र दाखवलं. त्याने ते आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं, आणि विचारलं, "बसनार कोन?"

"आमच्या घरातलं माणूस," मी म्हटलं.

"म्हंजी बाई का? बसल्यावर गळा कुठं येतो बाईंचा? माप द्या."

आता परक्या माणसाला आपल्या बायकोचं बसलेलं माप सांगायचं म्हणजे काय करायचं? मी अतिशय गडबडलो. "माझंच घ्या," मी म्हटलं, आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. त्याने माझ्या गळ्याजवळ कोळशाने रेघ ओढली. माझी उंची आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. अरुंधती माझ्या खांद्याला लागते. पण तेव्हा मला फक्त ते संभाषण संपायला हवं होतं.

आणखी एक सूचना मी अभिमानाने केली. दुखऱ्या गुडघ्यांना खरखरीत सिमेंट लागू नये म्हणून आतला भाग चांगला घोटून गुळगुळीत करायला सांगितला. गवंड्याने तो असा घोटला की त्यात माणसाला आपला चेहरा दिसावा. माझा दिसला. समाधानी दिसला. तो तसा पुन्हा दिसायला पुष्कळ अवकाश होता.

कारण हौद वाळत असतानाच शेजारचे हिंदुराव आले.

हिंदुराव एका कारखान्याच्या सुरक्षा खात्यातून निवृत्त झाले होते, आणि आता धोके शोधायला त्यांच्याकडे आमची गल्ली तेवढी उरली होती. पलीकडच्या दुर्गाबाईंच्या अंगणातला झोपाळा त्यांनी 'कडी झिजलीय' म्हणून उतरवायला लावला होता. गणपतीच्या आरतीला आम्ही टाळ घेऊन उभे राहायचो, ते वाळूची बादली घेऊन. माणूस मनाने फार चांगला. त्यामुळे त्यांना टाळताही येत नसे.

ते हौदाभोवती एक फेरी मारून आले.

"उपासनी, यात माणूस बसणार?"

"हो."

"पाणी असताना?"

"पाण्यासाठीच बसणार."

"परवानगी घेतली?"

"हौदाला कसली परवानगी, हिंदुराव?"

"हौदाला नाही हो. पण हौदात माणूस शिरला की तो हौद राहतो का? राव, विचार करा."

मी विचार केला. कुणी विचार करा म्हटलं की मी करतो. रात्रभर मला वाटत राहिलं की अरुंधती पाण्यात बसली आहे, दार वाजतंय, आणि बाहेर खाकी कपड्यांतला एक माणूस हातात कागद घेऊन उभा आहे. आयुष्यात मी ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवसही उशिरा परत केलेलं नाही. असल्या माणसाला गुन्हा करायला लागणारी शांत झोप येत नाही.

"कशापायी इचारायचं?" बाळाजी म्हणाला. "आमच्या म्हशी जलमभर नदीत बसत्यात. त्या कुनाला इचारत्यात व्हय?"

"अरुंधती म्हैस नाही," मी म्हणालो, आणि ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं. वाक्य पूर्णपणे खरं होतं. पण बायकोच्या बाबतीत काही गोष्टी नाकारायची वेळच येऊ देऊ नये, हे मला त्या दिवशी जेवताना कळलं. आमटीत मीठ नव्हतं.

मी अर्ज केला. मनापासून केला. 'घराच्या परसात एका कुटुंबापुरते उष्णजलकुंड बांधले असून त्यात एका वेळी एका व्यक्तीने अवगाहन करण्याचा मानस आहे' असं मी लिहिलं, आणि शिसपेन्सिलीने केलेला मसुदा पुन्हा एकदा वाचून खूश झालो.

पालिकेच्या कचेरीतल्या भाऊसाहेबांनी तो वाचला. त्यांचं नाव हरिहर होतं, पण कचेरीत सगळ्यांना भाऊसाहेबच म्हणतात.

"अवगाहन म्हणजे?"

"पाण्यात शिरून बसणं."

"म्हणजे आंघोळ."

"आंघोळ नव्हे. नुसतं बसायचं."

"साबण?"

"नाही."

"मग पोहणं."

"पोहायला जागा नाही, भाऊसाहेब."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा काका. विहीर असेल तर माझ्याकडे नियम आहे. पोहण्याचा तलाव असेल तर आहे. पाण्याची टाकी असेल तरी आहे. तुमचं हे काय आहे?"

"हौद म्हणा ना."

"हौदात माणूस बसत नाही."

"पण बसला तर?"

"तेच तर म्हणतोय. मग तो हौद कसा?"

हिंदुरावांचं आणि कचेरीचं मत इतकं जुळावं याचं मला नवल वाटलं. मी हळूच म्हटलं, "मग अर्ज मागे घेतला तर?"

"आता कसा घ्याल? आवक झाली." ते माझ्याकडे थकल्या नजरेने पाहत राहिले. वाईट माणूस नव्हता. "काका, एक सांगा. तुम्ही विचारलंच का? तुम्ही विचारलं नसतं तर आम्हाला नाही म्हणावं लागलं नसतं."

मी आवक क्रमांक टिपून घेतला आणि बाहेर पडलो.

पुढचे दिवस मी जाण्यायेण्यात घालवले. एका टेबलावरच्यांनी हौदाला विहीर मानलं, आणि भोवती कठडा, वर रहाटाचा दोर असावा असं सुचवलं. दुसऱ्या टेबलावरच्यांनी तो पोहण्याचा तलाव मानला, आणि पाण्याची खोली दाखवणारा फलक, तरंगणारी ट्यूब आणि काठावर एक रखवालदार, एवढं मागितलं. तिसऱ्या टेबलावर तो टाकी होता, आणि टाकीवर झाकण हवं. "झाकण कायम बंद ठेवायचं," तिथले म्हणाले. मी नम्रपणे विचारलं, की आत माणूस असताना सुद्धा? त्यांनी पहिल्या टेबलाकडे विचारायला सांगितलं.

रोज संध्याकाळी मी घरी येऊन चपला काढायचो. अरुंधती काही विचारायची नाही. नुसता चहा पुढे ठेवायची. तो ठेवताना तिचा एक हात टेबलाच्या कडेवर असायचा, आणि त्या हातावर तिचा सगळा भार असायचा. मग मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो.

शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी एकदाच जागेवर येऊन प्रात्यक्षिक पाहावं. तोपर्यंत मी परस सजवून ठेवलं. कठडा केला, वर रहाटाचा दोर टांगला, झाकण करून ठेवलं. हिंदुरावांनी कुठून तरी ट्रकची ट्यूब आणली आणि फुगवली. 'खोल पाणी' असा फलक मी स्वतः, चांगल्या वळणदार अक्षरात, रंगवला. हे सगळं पाहून वसाहतीतली बरीच मंडळी विहीर खणली की काय म्हणून येऊन गेली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळपासून बाळाजी काहिलीत पाणी तापवत होता. पण भाऊसाहेबांच्या आधी पोचले ते हिवताप खात्याचे सोपानराव. त्यांच्या हातात काचेची बरणी होती आणि बरणीत बारीक बारीक मासे.

"परसात पाणी साठवता म्हणे. डास होतील. गप्पी मासे सोडावे लागतील." असं म्हणत त्यांनी आम्ही हौद धुण्यासाठी त्यात भरून ठेवलेल्या गार पाण्यात बरणी उलटी केलीसुद्धा.

"अहो, पण यात आता गरम पाणी ओतायचंय!"

"मग मासे मरतील."

"म्हणजे?"

"म्हणजे मग मला पुन्हा सोडावे लागतील. आणि मेले तर अहवालात लिहावं लागेल." त्यांनी आमच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकली, जी अजून तिथे आहे, आणि हात झटकले. "माझं काम मासे सोडायचं, काका. पाणी तापवायचं खातं वेगळं."

एवढ्यात भाऊसाहेब आले. त्यांना पुढे अजून कुठे तरी जायचं होतं. पाणी बदलायला वेळ नव्हता आणि मासे पकडायला हाताशी चाळणी नव्हती. तेव्हा ऊन पाण्याच्या हौदाचं प्रात्यक्षिक पौषातल्या गारठ्यात, थंडगार पाण्यात करायचं असं सर्वानुमते ठरलं. सर्वांमध्ये मी नव्हतो. मी आत पंचा नेसत होतो.

मी बाहेर आलो तेव्हा कठड्याभोवती निम्मी गल्ली उभी होती. मला चारचौघांत शर्टाचं वरचं बटण उघडं असलं तरी अवघडल्यासारखं होतं. मी बनियन आणि पंचा अशा वेशात, सगळ्यांना नमस्कार करत, हौदात उतरलो आणि बसलो. पाणी बरोबर गळ्याशी आलं. श्वास असा अडकला की तो परत येईल की नाही याची मी वाट पाहू लागलो. मासे लगेच माझ्या पायाच्या बोटांशी आले.

"कसं वाटतंय?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांच्या कागदावर तसा प्रश्न असावा.

"ब-ब-बरं."

"आता स्वतःहून बाहेर या. विना-मदत बाहेर येता आलं पाहिजे."

मी उठायला गेलो आणि तेव्हा मला कळलं की हौदाला पायरी नाही. रोमन चित्रात ती होती. आमच्या गवंड्याने चित्र आडवं धरलं तेव्हा ती बहुधा वर गेली. मी तळव्यांनी जोर दिला. तळ घोटलेला होता. पाय पुढे सरकले आणि मी पाण्याखाली गेलो. वर आलो, भिंतीला धरलं. भिंतही घोटलेली होती. पुन्हा गेलो.

"घाबरू नका!" हिंदुराव ओरडले. आयुष्यभर ज्या क्षणाची तयारी केली तो क्षण त्यांना गवसला होता. त्यांनी ट्यूब फेकली. नेम अचूक होता. ती माझ्या डोक्यातून खाली उतरली आणि दोन्ही दंडांवर आवळून बसली. आता मला बुडताही येईना आणि हात हलवताही येईना. त्या अवस्थेत मी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत, पाण्यात सावकाश गोल फिरू लागलो.

"असं न्हाई निघायचं ते," बाळाजी म्हणाला. "सरका. आमचा रेडा हिरीत पडला व्हता तवा असाच काढला." त्याने रहाटाचा दोर माझ्या काखेखालून घेतला, हिंदुराव आणि सोपानराव मागे लागले, "हां, एकदम!" असा आवाज झाला, आणि मी कठड्यावर ओणवा पडलो. पंच्याचं काय झालं ते मी सांगणार नाही. दुर्गाबाई तोंड फिरवून उभ्या होत्या, एवढंच सांगतो. त्या थरथरत होत्या, आणि ते थंडीने नव्हतं.

भाऊसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी जवळ जाऊन वाचलं. 'बाहेर येण्याची सोय' यापुढे त्यांनी 'शेजारी' असं लिहिलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक आवाज आला. आधी मला वाटलं, अरुंधतीला काही झालं. मग कळलं, ती हसते आहे. गजांना धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला घोंगडीत गुंडाळून आत आणलं तरी ती हसतच होती. मग हसू आवरून ती म्हणाली, "अहो, पाणी तुमच्या गळ्याला लागलं."

"हो. बरोबर मापात."

"मग माझ्या कपाळाला लागेल."

मी घोंगडी डोक्यावरून घेतली.

गवंड्याला पुन्हा बोलावलं. त्याने आत एक रुंद खरखरीत पायरी बसवली, म्हणजे अरुंधतीला बसायलाही झालं आणि चढायलाही. आणि मग, खरंच, परवानगी आली. अटी होत्या. झाकण वापराव्यतिरिक्त बंद ठेवावं. मासे जिवंत असावेत. पाण्यात माणूस असताना काठावर ट्यूबसह रखवालदार असावा. हौद आजूबाजूच्या घरांतून स्पष्ट दिसेल असा उघडा असावा, म्हणजे काही झालं तर लोकांना कळेल. मी तो कागद देवापुढे ठेवला आणि अरुंधतीला म्हटलं, "आता बस. गळ्यापर्यंत बस."

तिने खिडकीतून हौदाकडे पाहिलं. मग हिंदुरावांच्या खिडकीकडे, दुर्गाबाईंच्या गॅलरीकडे, मागच्या चाळीच्या जिन्याकडे पाहिलं.

"इथे?" ती म्हणाली. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत?"

मी देवापुढचा कागद उचलून पुन्हा वाचला. कठडा, ट्यूब, फलक, झाकण, दोर, मासे. इतक्या शहाण्या पुरुषांनी इतके दिवस एवढ्या बारकाईने विचार केला, आणि पाण्यात बसणाऱ्या बाईला आडोसा लागतो ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. माझ्यासुद्धा. ज्याने तिच्यासाठीच हौद बांधला त्याच्या.

बरं, एखादी निवांत वेळ साधावी, तर आमच्या वसाहतीत निवांत वेळ नसते. पहिल्या शिफ्टचे लोक दुपारी घरी येतात, दुसऱ्या शिफ्टचे सकाळभर घरी असतात, आणि तिसरीवाले दिवसा झोप येत नाही म्हणून खिडकीत उभे राहून दात घासतात. दिवसाच्या कुठल्याही प्रहरी कुठल्या तरी खिडकीत बनियन घातलेला एक पुरुष असतोच.

मी पुन्हा कचेरीत गेलो. आडोसा करायला परवानगी मिळेल का, विचारलं.

"आडोसा म्हणजे बांधकाम," भाऊसाहेब म्हणाले. "आणि उघडा असावा ही तर अट आहे. काका, तुम्ही परत विचारायला आलात?"

मी चालतच घरी आलो. चपला काढल्या. त्या दिवशी मी चहाची वाट पाहिली नाही. म्हणालो, "अरुंधती, मला नाही जमलं. मी त्या हौदात माती भरतो. झेंडू लावू."

तिने हातातला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "झेंडू नको. मला झेंडू आवडत नाही," आणि भिंत पुसत आत गेली.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी पुस्तक घेऊन पडलो होतो. परसातून बायकांचे आवाज येऊ लागले. उठून पाहतो तर दुर्गाबाई स्टुलावर उभ्या राहून कठड्याच्या खांबांना दोऱ्या बांधत होत्या. झोपाळ्याची दोरी होती ती, मी ओळखली. बाळाजीची बायको कुशाबाई गाठोडं सोडत होती, आणि त्यातून लुगडी निघत होती. हिरवी, तांबडी, जांभळी, चांगली नऊवारी, दणकट. ती एकेक लुगडं बादलीत बुचकळून, पिळून, दोरीवर टाकत होती. बघता बघता हौद चारी बाजूंनी दिसेनासा झाला. पलीकडे बाळाजी काहिलीखाली चिपाडं सारत होता आणि मुद्दाम आमच्याकडे पाठ करून बसला होता.

"अगं, हे काय?" मी विचारलं.

"कपडे वाळत घालतोय," अरुंधती म्हणाली. तिच्या हातात पुरण गाळायची चाळणी होती, आणि तिने मासे एकेक करून बादलीत काढून ठेवले होते.

"पण याला परवानगी..."

तिन्ही बायका माझ्याकडे वळल्या.

"लागते का न्हाई, ते इचारू नका, मास्तर," कुशाबाई म्हणाली. "येवढं एक डाव इचारू नका."

मी विचारलं नाही. मला रखवालदार व्हायचं होतं, कारण ती अट होती आणि अट पाळायला मला आवडतं. मी लुगड्यांच्या बाहेर स्टूल मांडलं, पाठ हौदाकडे केली, ट्यूब गळ्यात घातली, माशांची बादली पायांत धरली. कुशाबाई आणि दुर्गाबाई गरम पाण्याच्या बादल्या आत नेत होत्या. मग त्याही बाहेर आल्या. आत पाण्याचा आवाज झाला. एक पाय. दुसरा पाय. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक लांब, सावकाश सोडलेला श्वास. इतक्या वर्षांत मी तिचा असा श्वास ऐकला नव्हता.

मी पुस्तक उघडलं. पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो, तेवढ्यात कुंपणाशी हिंदुराव येऊन उभे राहिले. त्यांनी लुगड्यांकडे पाहिलं. काहिलीकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या ट्यूबकडे पाहिलं.

"उपासनी, हे काय चाललंय?"

आयुष्यभराच्या सवयीने सगळं खरं सांगण्यासाठी माझं तोंड उघडलं. पाठीमागे पाणी हळूच हललं.

"कपडे वाळतायत," मी म्हणालो.

"आणि ही वाफ?"

"ओले आहेत."

 हिंदुरावांच्या चेहऱ्यावर सगळं सुरक्षा खातं एकदा येऊन गेलं. मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि वळवलेलीच ठेवली.

"ट्यूबमध्ये हवा कमी वाटते," ते म्हणाले. "भरून घ्या." आणि घरी गेले. त्यांच्या खिडकीचं दार लागल्याचा आवाज आला.

आतून अरुंधती म्हणाली, "खोटं बोलता येतं की तुम्हाला."

"खोटं कुठे? वाळतायतच."

"कसले वाळतायत! वाफेने सगळे पुन्हा भिजलेत." तिचा आवाज अगदी पाण्याच्या पातळीवरून येत होता. मग ती म्हणाली, "उद्या परत घालावे लागतील."